डावा दिवा

ट्रकतळावर गाडी चालवण्यावरून वाद पेटला की शेवटी सगळे वस्तादांकडे बघायचे. वस्ताद फार बोलणारे नव्हते. अर्धी हयात स्टिअरिंगमागे गेली आणि एवढ्या वर्षांत आपल्या गाडीने कुणाला साधा धक्कासुद्धा दिला नाही, हेच त्यांचं बोलणं. गाडी स्वतःची होती, एकुलती एक. मुलगीही एकुलती एक. ती लग्न होऊन गेल्यावर बायको म्हणायची, थोरलीला नांदायला पाठवलंत, आता धाकटीचे लाड चाललेत. धाकटी म्हणजे गाडी.

त्या धाकटीला वस्तादांनी नुकताच मागच्या बाजूने नवा रंग दिला होता. दिवे, पाट्या, सगळं उतरवून, घासूनपुसून, लाल आणि पिवळ्या रंगाचे जाड हात. रंगाऱ्याला जवळ फिरकू दिलं नव्हतं. ब्रश स्वतःच्या हातात, दिवे परत बसवले तेही स्वतःच.

आणि त्याच चकचकीत मागच्या बाजूवर त्यांचे जावई येऊन आदळले.

झालं ते असं. जावई चष्म्याच्या दुकानात नजर तपासायचं काम करायचे. सासऱ्यांना वाचायला त्रास होतो हे कळल्यावर त्यांनी चष्मा बनवून घेतला होता, आणि दुकानातून जरा लवकर सुटून तो द्यायला ते स्कूटरवरून गोदामाकडे निघाले होते. दिवेलागणीची वेळ. वस्ताद गोदामाच्या फाटकात वळत होते. डावा इंडिकेटर चालू, पाय ब्रेकवर, गाडी मुंगीच्या पावलांनी चाललेली. मागून धाडकन आवाज आला. वस्तादांनी सवयीने इंडिकेटर बंद केला, हँडब्रेक ओढला आणि धावत मागे गेले, तर गाडीच्या डाव्या कोपऱ्याखाली स्कूटर घुसलेली, आणि कडेला पाय धरून बसलेला माणूस त्यांच्या घरचाच.

नडगीचं हाड मोडलं, बाकी खरचटण्यावर निभावलं. जीव वाचला यातच सगळं आलं. पण जीव वाचला की माणसं दोष शोधायला मोकळी होतात. स्कूटरपासून हातभर अंतरावर जावयांचा फोन पडला होता आणि त्याचा पडदा उजळलेला होता. तो जमलेल्या सगळ्यांनी पाहिला. पोलीस आला, ट्रकच्या मागे उभा राहिला, दोन्ही दिवे लाल जळताना त्याने पाहिले आणि तसं लिहून घेतलं. वस्तादांनीही पाहिले, तळावरून धावत आलेल्या ड्रायव्हरांनीही. जावई मात्र स्ट्रेचरवरून एकच सांगत राहिले, की मला एकच दिवा दिसला, उजवीकडचा. वाटलं पुढे मोटारसायकल आहे, डावीकडून जागा आहे.

तळावर या वाक्याची यथेच्छ टर उडाली. दुसऱ्यांच्या डोळ्यांना नंबर काढून देणाऱ्याला अख्खा ट्रक मोटारसायकलएवढा दिसला! कुणीतरी त्यांचं आडनावच पाडलं, 'एकदिवे'. कसे आहेत आपले एकदिवे, असं ड्रायव्हर लोक तोंडावर विचारायचे, आणि वस्ताद चहाच्या कपात बघत बरे आहेत म्हणायचे.

खरं सांगायचं तर जावई त्यांना पहिल्यापासून फारसे रुचले नव्हते. माणूस वाईट नव्हता, पण प्रश्न विचारला की थांबायचा, विचार करायचा आणि मग उत्तर द्यायचा. वस्तादांना त्या थांबण्याचा वैताग यायचा. शिवाय फोन. जेवायला बसले तरी तो ताटाशेजारी पालथा असायचा. त्यामुळे इस्पितळाच्या पॅसेजमध्ये लेकीने जेव्हा त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "बाबा, दिवा चालू होता ना?" तेव्हा त्यांना विचार करावा लागला नाही.

"होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला."

ठकीने मान हलवली. ठकी हे तिचं घरातलं नाव, लहानपणी ती लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची म्हणून पडलेलं. तिने नवऱ्याला घरी आणलं, त्याचं सगळं केलं, तो कुबड्यांवर उभा राहायला लागेपर्यंत थांबली, आणि मग एके दिवशी बॅग घेऊन माहेरी आली. आईने खोदून खोदून विचारल्यावर म्हणाली, की फोन बघत होतो एवढं कबूल केलं असतं तर मी एकदा भांडले असते आणि संपलं असतं. पण आपलं झाकायला बाबांच्या गाडीवर खोटं घालायचं? आज दिव्याचं, उद्या कशाचं?

लेक घरात आली आणि वस्तादांची झोप गेली.

वरकरणी बाजू त्यांचीच होती. पोलिसाने पाहिलं, तळाने पाहिलं, त्यांनी पाहिलं. पण मनात कुठेतरी पाल चुकचुकायची. खोटं बोलणारा माणूस दिवाच नव्हता म्हणेल. एकच होता, आणि तोही उजवीकडचा, इतकं बेतून कोण खोटं बोलतं? तेही रस्त्यावर, पाय मोडलेला असताना? जेवताना हा प्रश्न घासाबरोबर अडकायचा. गाडी चालवताना आरशात डाव्या बाजूकडे नजर जायची. बायको म्हणाली, तुमच्या पायाला भिंगरी लागलीय की अंगात काटे फुटलेत? ते बाहेर जाऊन गाडीचे दिवे लावायचे आणि मागे जाऊन उभे राहायचे.

दिवा जळत असायचा. त्यांनी काच काढून धुतली. आतून फुंकर मारून पुसली. बल्ब नवा घातला. मग उजवीकडचा बल्ब डावीकडे आणि डावीकडचा उजवीकडे करून पाहिलं. डावा दिवा किंचित मंद वाटायचा. पण किंचितच. डोळे बारीक केले की वाटायचा, उघडले की नाही. शेजारच्याला बोलावून विचारलं, तर तो म्हणाला की दोन्ही सारखेच, आणि आपल्याला कशाला विचारताय, चष्मेवाले जावई घरात असताना. त्याला वस्तादांनी पुन्हा कधी बोलावलं नाही.

शेवटी गाडी फ्यूजकडे नेली. फ्यूज म्हणजे गाड्यांच्या वायरिंगची कामं करणारा त्यांचा जुना दोस्त. बारीकसारीक गोष्टीवरून उडायचा म्हणून ते नाव. त्याने दिव्याजवळची वायर सोडवली, टेस्ट लॅम्पचा चिमटा खाली चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या लोखंडाला लावला आणि टोक वायरीला टेकवलं. टेस्ट लॅम्प लख्ख पेटला. दुसऱ्यांदा टेकवलं, पुन्हा लख्ख. दिव्यापर्यंत करंट भरपूर येतोय, त्याने निकाल दिला. वस्ताद म्हणाले, परत एकदा बघ. त्याने परत बघितलं. वस्ताद तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा तो नावाला जागला.

"वस्ताद, गाडीचं वायरिंग ठणठणीत आहे. तुमचं तेवढं कुणाला तरी दाखवा."

मग त्यांनी एका ओळखीच्या ड्रायव्हरला मोठ्या रस्त्यावर आपल्या मागून गाडी आणायला सांगितलं. तो लांबपर्यंत मागे आला, आणि चहाला थांबल्यावर म्हणाला की दोन्ही दिवे सरळ दिसतात, तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेताय. रस्ता मोकळा होता. त्या संबंध पट्ट्यात वस्तादांना ब्रेक लावायची वेळच आली नव्हती. हे तेव्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

सगळ्यांनी निर्दोष ठरवूनसुद्धा माणसाला चैन पडत नाही, हा अनुभव वस्तादांना नवा होता. घरात ठकी हसतखेळत वावरायची, पण फोन वाजला की नाव बघून तो उलटा ठेवायची. आईशी बोलताना वाक्य मध्येच तोडायची. एकदा वस्ताद पाणी प्यायला उठले तर ती खिडकीशी उभी होती. काय गं, म्हणाले. काही नाही, म्हणाली. दोघंही तिथेच घुटमळले आणि आपापल्या खोलीत गेले.

त्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी गोदामात माल भरायचा होता. आधीची गाडी अजून भरत होती, म्हणून वस्तादांनी आपली गाडी मागच्या भिंतीकडे पाठ करून, अगदी जवळ नेऊन उभी केली. भिंतीला नुकताच चुना मारलेला. उजेड कमी होत चालला होता, इंजिन चालू, दिवे चालू. उतार होता म्हणून पाय ब्रेकवर. सहज आरशात बघितलं. पांढऱ्या भिंतीवर त्यांच्या गाडीच्या दिव्यांचे दोन लाल डाग पडले होते. उजव्या आरशातला डाग मोठा, भडक. डाव्या आरशातला मळकट, पुसून टाकल्यासारखा.

त्यांनी पाय उचलला. गाडी जराशी घरंगळली, पण दोन्ही डाग सारखे झाले. पाय दाबला. उजवा भडकला आणि डावा खाली बसला. पुन्हा उचलला, पुन्हा दाबला. मग त्यांनी डावा इंडिकेटर लावला. आता डावा डाग भिंतीवरून जवळजवळ नाहीसाच झाला. राखेतल्या निखाऱ्यासारखं काहीतरी धुगधुगत राहिलं, तेही आहे हे ठाऊक होतं म्हणून दिसलं.

इंडिकेटर, ब्रेक आणि दिवा. त्या संध्याकाळी फाटकात वळताना तिन्ही चालू होते.

वस्ताद तसेच बसून राहिले. त्यांच्या ध्यानात आलं की आपण दिवा शंभरदा पाहिला, पण एकदाही पाहिला नाही. पाय ब्रेकवर असतो तेव्हा माणूस गाडीच्या मागे नसतो, आणि मागे जाऊन उभा राहतो तेव्हा पाय ब्रेकवर नसतो. इंडिकेटर बंद करून, हँडब्रेक ओढून ते खाली उतरले होते, त्याच क्षणी दिवा सुधारला होता. पोलिसाने पाहिला तो सुधारलेला दिवा. तळाने पाहिला तोही तोच. नादुरुस्त दिवा पाहिला होता एकट्या जावयांनी.

हमालांच्या मुकादमाला त्यांनी सांगितलं की माल उद्या भरू. तो काहीतरी बडबडला, ते यांना ऐकू आलं नाही. घराच्या गल्लीत गाडी लावली आणि दारातूनच हाक मारली. ठकी हात पुसत बाहेर आली.

"वर चढ. मी सांगेन तेव्हा ब्रेक दाब."

लहानपणी ती या केबिनमध्ये बसून तोंडाने भोंगे वाजवायची. आता ओढणी सावरत चढली. वस्ताद मागे गेले. दाब म्हणाले, सोड म्हणाले, इंडिकेटर लाव म्हणाले. भिंतीवर जे दिसलं होतं तेच आता दिव्याच्या काचेत दिसलं. मनाशी कुठेतरी आशा होती की भिंतीने फसवलं असेल. ती गेली.

मग ते पुढे आले. तू खाली उतर, म्हणाले, आणि मागे जाऊन उभी राहा. आता मी दाबतो.

त्यांनी इंडिकेटर लावला आणि पाय दाबून धरला. ते पाय दाबून बसून राहिले. बऱ्याच वेळाने ठकी केबिनच्या दाराशी आली.

"त्या दिवशी हे असंच होतं?"

"असंच असणार."

"आणि तुम्ही मला म्हणालात, पाहिला म्हणून."

"पाहिलाच होता. उतरून पाहिला होता. पाय काढून." वस्ताद केबिनमधून खाली उतरले. "तो खरं बोलत होता, पोरी."

ठकी पायरीवर बसली. रडली नाही. एवढंच म्हणाली, की मी त्यांना काय काय बोलले ते तुम्हाला माहीत नाही. वस्ताद तिच्या शेजारी उभे राहिले. डोक्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण हाताला वंगण होतं.

बायकोने आतून ऐकलं होतं. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता जा दोघं. पण ठकीने मान हलवली. आधी कारण सापडू दे, म्हणाली. नुसतं मंद होतं म्हणून सांगितलं तर त्यांना वाटेल, समजूत घालायला आलेत.

सकाळी फ्यूजला त्याच्या दुकानातून अक्षरशः ओढून आणला. ठकी केबिनमध्ये, वस्ताद आणि फ्यूज मागे. दिवा मंदावताना बघितल्यावर फ्यूजचं तोंड बंद झालं. थोडा वेळ तो दिव्याकडे आणि दिवा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने पिशवीतून लांब वायर काढली, एक टोक दिव्याच्या बैठकीला धरलं आणि दुसरं खाली चासीच्या उघड्या लोखंडावर घासून टेकवलं. ठकीचा पाय ब्रेकवरच होता. डावा दिवा असा भडकला की वस्तादांनी तोंड फिरवलं. वायर काढली, विझला. लावली, भडकला.

"अर्थिंग," फ्यूज म्हणाला. "करंट यायला रस्ता आहे, लोखंडातून परत जायला नाही. एकटा दिवा जळतो तेव्हा चिंचोळ्या वाटेनेही भागतं. ब्रेक आणि इंडिकेटर आले की गर्दी होते आणि कुणालाच नीट जाता येत नाही." मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, की मी माझा चिमटा चांगल्या लोखंडाला लावून बघितलं होतं. ह्याची परतीची वाट मी बघितलीच नाही.

बैठकीचा बोल्ट त्याने खोलला. अर्थिंगची वायर त्याच बोल्टखाली होती. तिच्या खाली लोखंड नव्हतं. तिथे लाल रंगाचा जाड, गुळगुळीत थर होता. ब्रशच्या केसांच्या रेघासुद्धा दिसत होत्या. दिवा परत बसवताना तिथला रंग खरवडायचा असतो हे वस्तादांना माहीत नव्हतं असं नाही. पण इतका सुरेख बसलेला रंग खरवडायला त्यांचा हात धजावला नव्हता. आणि दिवा लावून पाहिला तर जळत होता.

फ्यूजने पॉलिश पेपर पुढे केला. वस्तादांनी तो घेतला आणि लोखंड पांढरं होईपर्यंत घासत राहिले. फ्यूज बस म्हणाला तरी थांबले नाहीत.

जावयांच्या घराचं दार विहीणबाईंनी उघडलं. ठकीला बघून त्या बाजूला झाल्या, वस्तादांना बघून झाल्या नाहीत. वस्तादांनी दारातच सगळं सांगितलं. रंग, बोल्ट, भिंत, काही गाळलं नाही. विहीणबाई ऐकत राहिल्या.

"तुमच्या एका शब्दावर माझा मुलगा खोटा ठरला," त्या म्हणाल्या. "बायकोसमोर. घरात बसून तो मलाच विचारायचा, आई, मला खरंच नीट दिसत नाही का? स्वतःचे डोळे दोनदा तपासून घेतले त्याने."

वस्ताद जोडे काढून आत गेले.

जावई खाटेवर पाय लांब करून बसले होते. ठकी आधीच जाऊन टेकली होती, मधे एक उशी ठेवून. वस्तादांनी त्यांनाही पहिल्यापासून सांगितलं. बोलून झालं तरी जावई गप्पच. त्यांचं ते नेहमीचं थांबणं. पण त्या दिवशी वस्तादांना त्याचा वैताग आला नाही, धाकधूक वाटली.

"मामा, एक सांगायचं राहिलंय," शेवटी जावई म्हणाले. बोलताना त्यांनी ठकीकडे बघितलं. "फोन वाजला होता. हातात घेतला नव्हता मी, खिशातच होता. पण घ्यावा का, कुणाचा असेल, हे मनात चाललं होतं. दिवा नीट असता तर कदाचित वाचलोही असतो. कदाचित नसतो. हे मी तेव्हा बोललो असतो, पण दिव्याचं कुणी खरं मानेना, मग फोनचं सांगितलं तर सगळं त्यावरच गेलं असतं."

ठकी म्हणाली, "मग मी निम्मी तरी बरोबर होते." आणि म्हणता म्हणता तिला हसू आलं, आणि हसता हसता रडू. जावयांनी मधली उशी काढून बाजूला ठेवली.

वस्ताद उठले. जाताना विचारलं, माझ्याकडून काय करू? जावई पुन्हा थांबले. म्हणाले, मला काही नको, पण तळावर मला एकदिवे म्हणतात ना, तिथे सांगा.

हे सगळ्यांत अवघड होतं. विहीणबाई ऐकणाऱ्या एकट्या होत्या, तळ म्हणजे जन्मभराची माणसं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर गर्दी असताना वस्ताद मध्ये जाऊन उभे राहिले. सुरुवात कुठून करावी कळेना, म्हणून शेवटापासून केली. चूक माझ्या गाडीची होती, म्हणाले, आणि माझ्या हातची होती. जावयांनी एकच दिवा पाहिला, कारण एकच दिवा होता.

मग बाकीचं सांगितलं. कुणी हसलं नाही. एकाने विचारलं, पण आम्ही तर जळताना बघितला होता. वस्तादांनी त्याला विचारलं, तू ब्रेक दाबून मागे जाऊन कधी बघितलंस? तो तोंड उघडं टाकून विचार करायला लागला. पलीकडे एक दणकट ड्रायव्हर, ज्याने एकदिवे हे नाव पाडलं होतं तोच, चहा अर्धा टाकून उठला आणि शेजारच्याला म्हणाला, चल रे, माझ्या गाडीचा ब्रेक दाब जरा. बघता बघता तळावर माणसं गाड्यांच्या मागे उभी राहून दाब, सोड, दाब असं ओरडायला लागली. दोन गाड्यांचे दिवे बसके निघाले. फ्यूजला त्या दिवशी जेवायला फुरसत मिळाली नाही.

त्यानंतर सासरे-जावयांत एकदम साखर पेरली गेली असं काही नाही. जावई बोलण्याआधी अजून थांबतात, आणि वस्तादांना ते अजून सोसवत नाही. हाड सांधलं, पण ढगाळ दिवशी पाय दुखतो, आणि तो दुखतो असं ठकीने फोनवर सांगितलं की वस्तादांचा तो दिवस वाया जातो. एकदिवे हे नावही काही सुटलं नाही. तळावर एकदा पडलेलं नाव कुणाच्या बापाने सुटत नाही. फक्त आता ते दुसऱ्या अर्थाने घेतात. नवा ड्रायव्हर रंग देऊन गाडी आणतो, तेव्हा त्याला विचारतात, एकदिवे करून घेतलंस का?

वस्ताद हे ऐकतात आणि हातातला कप खाली ठेवून गाडीकडे जातात. मागे जाऊन उभं राहायला कुणीतरी लागतं. जो दिसेल त्याला हाक मारतात.